बिघडवलेल्या भाकरी

आत्तींना कुणाचं काम पसंत पडलंय असं लग्न झाल्यापासून मी कधी पाहिलं नव्हतं. इस्त्रीवाला कॉलर चुरगाळून आणायचा, भाजीवाली कोथिंबिरीच्या जुडीत मधोमध गवत घालायची, बिल्डिंगचा वॉचमन फाटक अर्धंच लोटायचा. आणि मी तर काय, पुण्याहून आलेली, भाकरी लाटण्याने लाटणारी. जयनगरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात बसून आत्ती सगळ्या बेंगळुरूचं काम तपासायच्या आणि नापास करायच्या.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, अंबूबाई. निपाणीकडे सासूला आत्ती म्हणतात. मला सुरुवातीला ते जड गेलं, मग तोंडात बसलं. सासरे कृष्णाजी, ज्यांना मी फोटोतच पाहिलं, नोकरीसाठी इकडे आले तेव्हा आत्ती त्यांच्याबरोबर आल्या आणि इथल्याच झाल्या. पण येताना वाईट कामाला ठेवायची नावं मात्र त्यांनी गावाहून गाठोडं बांधून आणली होती. कुणी नीट काम केलं तर त्या गप्प बसायच्या, तीच शाबासकी. बिघडवलं तर मात्र ज्याला त्याला मापाचा शब्द मिळायचा, आणि शब्दाबरोबर तो कुठून आला हेही ऐकून घ्यावं लागायचं.

मी कपाट घाईघाईत आवरलं की म्हणायच्या, पाट्या टाकल्यास. त्यांचे वडील कालव्याच्या खोदकामावर मुकादम होते. मजुरांची मजुरी पाट्यांवर मोजायची, म्हणून काही जण पाटी अर्धीच भरायचे आणि बांधावर जागा दिसेल तिथे ओतून मोकळे व्हायचे. पहिलं पाणी सुटलं की तो बांध वाहून जायचा. पाट्या टाकणं ते हे. झाडू मारताना कोपरे सुटले की ती वेठ. सरकारच्या नाहीतर इनामदाराच्या माणसाने धरून नेलं आणि फुकट राबवलं, तर त्या हाताचा जीव कामात कशाला असेल, असं त्या विचारायच्या. भांडं आपटलं की मी धसमुसळी. उखळात मुसळ असं घालायचं की दाणे अंगणभर उडतील, तशी. आणि थातुरमातुर? त्याचा उगम विचारला तेव्हा त्या विचार करून म्हणाल्या होत्या, ‘‘त्या शब्दाला आईबाप न्हाईत. त्यानं केलेल्या कामालाबी नसत्यात.’’

खरंखोटं त्यांचं त्यांना माहीत. कोश उघडून बघायची माझी हिंमत झाली नाही. शिवाय कन्नडही होतंच. अर्धवट राहिलेल्या कामाला अर्धंबर्ध, वाकड्या भाकरीला सोट्टं. कुठल्या चुकीला मराठी लागेल आणि कुठलीला कन्नड, हे त्यांना आतूनच समजायचं.

मी महादेवपुऱ्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचाच मला पगार मिळतो. दिवसभर हे करून, रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये डोकं शिजवून घरी यावं आणि दारातच कुणी आपल्या चपला कशा काढल्यात यावर बोलावं, म्हणजे संताप यायचा. मी उलट बोलायचे. आत्तीही सोडायच्या नाहीत. माझा नवरा महांतेश अशा वेळी बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायचा. आमच्या घरातली झाडं पाणी जास्त होऊन मेली.

दसऱ्यानंतर एका सकाळी आत्ती चहाचा कप उचलायला गेल्या आणि कप हातातून गळून पडला. मेंदूत रक्ताची गुठळी, डाव्या बाजूला. हॉस्पिटलमधून घरी आल्या तेव्हा उजवा हात लोंबत होता, पाय फरफटत होता, आणि तोंडात एकच शब्द उरला होता. हां. पाणी हवं तरी हां, नको तरी हां. रागावल्या तरी हां.

घर शांत झालं. आपल्याला बरं वाटेल अशी माझी समजूत होती, कशाला खोटं बोलू. पण मला ते सहन होईना. मी चपला कशाही काढून आत यायचे, आणि कुणी काही म्हणायचं नाही. त्या सोफ्यावर बसून चपलांकडे बघायच्या, त्यांचे ओठ हलायचे, आणि मग हां. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले आहे त्या दिवसांत.

त्यात सगळ्यांनी छान म्हणायचं धरलं. त्यांनी चमचा उचलला की महांतेश म्हणायचा, छान. दोन पावलं टाकली की शेजारच्या बाई टाळ्या वाजवायच्या. अर्धा वरणभात पदरावर सांडला तरी छान. ज्या बाईने जन्मभर कुणाला फुकटचं छान म्हटलं नाही, तिला आता ते सकाळ-संध्याकाळ गिळावं लागत होतं. त्या मान खाली घालायच्या. ते लाजणं नव्हतं हे मला कळत होतं.

बोलणं शिकवायला शिवलीला यायच्या. हुबळीकडच्या, मराठी समजणाऱ्या, शांत बाई. त्या केळ्याचं, कपाचं, गायीचं चित्र दाखवायच्या आणि आत्ती भिंतीकडे तोंड फिरवायच्या. शिवलीला कंटाळत नसत, पण काही निष्पन्नही होत नव्हतं.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले ती वैतागूनच. वाळलेले कपडे पलंगावर पडले होते. आत्तींचं इरकल लुगडं मी उचललं आणि टोकाला टोक न जुळवता, कसंतरी चौकोनी करून ढिगावर फेकलं. मागून आवाज आला.

‘‘पाट्या.’’

मी वळले. आत्ती दारात काठी धरून उभ्या होत्या. त्यांचे डोळे लुगड्यावर होते, आणि भुवई वर गेली होती, ती त्यांची जुनी भुवई, जिच्यामुळे मी कितीतरी वेळा भांडले होते. शब्द स्पष्ट होता, कुठे अडखळला नव्हता. महांतेश आतून धावत आला. म्हण परत, आई, म्हण परत, असं तो म्हणत राहिला आणि आत्ती हां म्हणत राहिल्या. परत आला नाही तो शब्द.

शिवलीलांनी ऐकून घेतलं आणि समजावलं. आपण विचार करून जे बोलतो ते एक, आणि सवयीने तोंडातून निसटतं ते दुसरं. पहिलं गेलं तरी दुसरं पुष्कळदा शिल्लक असतं. कुणाचा श्लोक राहतो, कुणाचे आकडे, कुणाच्या शिव्या. तुमच्या आत्तींची चुका काढायची सवय शिल्लक आहे असं दिसतंय, असं म्हणून त्या हसल्या. ते निसटणं वाढलं तर जीभ सैल होते, पुढचं सोपं जातं.

मी तिथेच ठरवलं. ऑफिसात एखादी चूक पकडल्याशिवाय मी जेवायला उठत नाही, हा माझा लौकिक आहे. इथे चूक पकडायची नव्हती, करायची होती. एवढाच फरक.

दुसऱ्या दिवसापासून मी घर बिघडवायला घेतलं. भेंडी आधी चिरली आणि मग धुतली. मोहरी तडतडायच्या आत फोडणीत कांदा लोटला. टॉवेल दोरीवर चिमटा न लावता लोंबत ठेवला. देव्हाऱ्यातल्या समईची वात दक्षिणेकडे केली, तेव्हा तर आत्तींनी काठी आपटली आणि म्हणाल्या, ‘‘अगं अगं अगं.’’ भेंडीला वेठ मिळाली. टॉवेलला अर्धंबर्ध. बुळबुळीत भेंडी महांतेशने मुकाट्याने खाल्ली.

पण तोही माणूसच. एका जेवणानंतर त्याने मला स्वयंपाकघरात गाठलं. आईला आराम हवा आणि मी तिला मुद्दाम चिडवते आहे, तिचा रक्तदाब वाढला तर कोण जबाबदार, असं त्याचं म्हणणं. त्याची भीती खोटी नव्हती. मी डॉक्टरांना विचारलं होतं, रोज सकाळी दाब मोजत होते, तो वाढत नव्हता. ते त्याला सांगितलं. मग म्हटलं, ‘‘महांतेश, तुझी आई आजारी पडल्यापासून या घरात तिला माणूस समजून कुणी वाईट वागलेलं नाही. मला तेवढं करू दे.’’ तो बाल्कनीत गेला नाही, एवढं खरं.

मुद्दाम चुकणं वाटतं तेवढं सोपं नसतं. खरी चूक हाताच्या घाईतून येते, खोटी डोक्यातून, आणि आत्तींना दोन्हींतला फरक आज ना उद्या कळणारच होता. महिनाभर माझं चाललं. मग एक दिवस मी भाकरीला बसले. जोंधळ्याचं पीठ गार पाण्यात कालवलं, तेही नीट न मळता. ज्वारीला उकळतं पाणी लागतं, नाहीतर पीठ चिकटून येत नाही, हे या घरात पहिल्या आठवड्यात शिकवलं जातं. परातीत थापताना कड चिरत गेली. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवला नाही. भाकरी तड्यातड्यांची आणि पांढरीफटक झाली. ती ताटात ठेवून मी आत्तींसमोर नेली आणि वाट बघत उभी राहिले.

त्यांनी भाकरीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग त्या हसल्या, अर्ध्या तोंडाने, कारण अर्धंच हसत होतं. आणि डावा हात हलवून त्यांनी मला जायला सांगितलं.

खेळ संपला होता. त्यांना समजलं होतं. त्यानंतर मी काय वाटेल ते केलं, साखरेच्या डब्यात रवा भरला, दूध उतू घालवलं, तरी शब्द येईना. त्या नुसत्या हसायच्या, आणि मला वाटायचं, आता या माझी समजूत काढताहेत. शिवलीला म्हणाल्या, त्यांना तुमचा डाव कळला ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते शब्द आपोआप येणारे होते, तयार. खरं बोलणं म्हणजे त्यांना स्वतःला काहीतरी हवंसं वाटेल आणि त्यासाठी त्या स्वतः शब्दाला शब्द जोडतील, कुणी न शिकवलेलं वाक्य. ते कधी येईल हे मी सांगू शकत नाही. आणि जितकं लांबेल तितकं अवघड होतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

तेवढ्यात निपाणीहून महानंदाक्का आल्या. महांतेशची थोरली बहीण. आईवर जीव, आणि कामाला वाघ. त्यांनी दाराच्या आत पाऊल टाकलं आणि त्यांना उतू गेलेलं दूध, लोंबणारे टॉवेल आणि रव्याने भरलेला साखरेचा डबा दिसला. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकल्यासारखं केलं. बाहेरच्या खोलीत भावाला मात्र स्वच्छ सांगितलं, मला ऐकू येईल अशा आवाजात, की नोकरी करणाऱ्या बाईकडून हे व्हायचं नाही, त्यात तिचा दोष नाही, पण आईचे हाल कशाला. निपाणीला अंगण आहे, माणसं आहेत. आईने फक्त बसायचं. तिथं तिला कुणी बोलायला लावणार नाही.

याच वाक्याची मला भीती होती. कुणी बोलायला लावणार नाही. मग त्या बोलणार कशा? निपाणीत शिवलीला नव्हत्या, चित्रं नव्हती, आणि महानंदाक्कांच्या घरात चमचा उचलायचीसुद्धा गरज पडली नसती, कारण त्या स्वतःच्या हाताने भरवायच्या. दर घासाला म्हणायच्या, छान गं माझी आई. आत्ती तोंड उघडायच्या, गिळायच्या, आणि त्यांचा चेहरा दुपारी दुकानाचं शटर ओढून घ्यावं तसा बंद होत गेला.

मी भांडले. महानंदाक्कांशी नाही, महांतेशशी. तो म्हणाला, अक्का म्हणते त्यात काय चुकीचं आहे, तू प्रयत्न केलास, मी बघितलं, पण शब्द थांबलेत ना. थांबले होते. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. मी आयुष्यात इतकी चिडले नव्हते आणि इतकी हतबलही झाले नव्हते. रविवारी दुपारच्या गाडीने आत्तींना घेऊन जायचं ठरलं.

रविवारी सकाळी मी आत्तींची लुगडी बॅगेत भरत होते. टोकाला टोक जुळवून, घडीवर हात फिरवून. आता बिघडवण्यात काही अर्थ नव्हता. महानंदाक्का औषधं मोजून पिशवीत टाकत होत्या. तेव्हा स्वयंपाकघरातून परात ओढल्याचा आवाज आला. ओट्यावर परात सरकताना होतो तो आवाज या घरात सगळ्यांना ओळखू येतो.

आम्ही गेलो तर आत्ती ओट्याला टेकून उभ्या होत्या. काठी भिंतीला लावली होती. डाव्या हाताने त्यांनी पीठ परातीत ओढलं होतं, त्यातलं बरंचसं फरशीवर सांडलं होतं. तांब्यातलं पाणी ओतून त्या एका हाताने मळत होत्या. महानंदाक्का पुढे झाल्या तशी आत्तींनी कोपर आडवं केलं. महांतेशने बहिणीचा दंड धरला. मी दारातच थांबले. मदतीला जाऊ नये म्हणून मी चौकटीला धरून ठेवलं होतं स्वतःला.

त्यांनी गोळा केला. डाव्या तळव्याने थापायला घेतलं. जन्मभर उजव्या हाताने फिरवलेली भाकरी डाव्या हाताला ऐकेना. उजव्या हाताची लुळी बोटं त्यांनी कडेला टेकवून ठेवली, नुसती आडोशाला. कड फाटली, जोडली, पुन्हा फाटली. तव्यावर टाकताना भाकरी मोडली आणि अर्धी दुमडून पडली. त्यांनी ती उलथन्याने तशीच उलटली. कपाळावरून घाम ओघळत होता, आणि ओठ घट्ट मिटले होते. मी जागची हलले नाही.

भाकरी ताटात पडली. एक बाजू जळलेली, एक कच्ची, मधे भेग.

महानंदाक्कांचे डोळे भरून आले. ‘‘किती छान केलीस गं आई,’’ त्या म्हणाल्या. महांतेश मोबाइलवर व्हिडिओ काढत होता, तोही म्हणाला, ‘‘सुंदर, आई. एक नंबर.’’

आत्तींनी दोघांकडे बघितलं नाही. त्यांनी ताट ओट्यावरून माझ्या बाजूला सरकवलं. आणि भुवई वर केली.

ती भुवई मी ओळखते. पण आजवर ती माझ्या कामासाठी वर जायची. आज त्यांच्या स्वतःच्या भाकरीसाठी वर गेली होती, आणि त्या थांबल्या होत्या. काय हवंय हे मला समजलं, आणि समजल्यावर भीती वाटली. महानंदाक्का आयुष्यभर माझं तोंड बघणार नाहीत, हे दिसत होतं. मी पुढे झाले. भाकरीचा तुकडा मोडला, दाताखाली धरला.

‘‘आत्ती,’’ मी म्हटलं, ‘‘पीठ मळलंच नाही तुम्ही. कड फाटलीये, मधे कच्ची आहे, वरून पाण्याचा हात फिरवलेला नाही. ही भाकरी नाही. या पाट्या टाकल्यात तुम्ही.’’

महानंदाक्कांच्या तोंडून श्वास ओढल्याचा आवाज आला. महांतेशने मोबाइल खाली केला. आपण चुकलो असू तर ही चूक मुद्दाम केलेली नाही, आणि दुरुस्तही होणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आत्ती माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान डोलावली. हळूच, जशी त्या नीट काम करणाऱ्याकडे बघून गप्प बसायच्या, तशी. त्यांच्या चेहऱ्यावरचं शटर कुठेच नव्हतं. ती भाकरी त्यांनी डाव्या हाताने उचलली आणि बाजूच्या ताटलीत टाकून दिली. पुन्हा पीठ ओढलं. तांब्यात बोट बुडवलं, आणि बोट तसंच बाहेर काढून धरलं.

ओठ हलले. हां येईल असं मला वाटलं. हां आला नाही. त्या डोळे मिटून काहीतरी शोधत होत्या, अंधाऱ्या फडताळात हात घालून चाचपावं तसं.

‘‘पाणी,’’ त्या म्हणाल्या. थांबल्या. ‘‘पाणी गार हाय. मुग्धा, गरम... गरम आण.’’

माझं नाव त्यांनी आजारपणानंतर पहिल्यांदा घेतलं होतं. महांतेश भिंतीकडे वळून रडत होता. महानंदाक्का खाली बसल्या, बॅगेशेजारी, आणि थोड्या वेळाने त्यांनी बॅगेतलं वरचं लुगडं काढून मांडीवर घेतलं.

माझ्या ओठांवर शब्द आला होता. छान. तो मी गिळला, आणि पातेलं गॅसवर ठेवलं.